घोटीच्या बसचे रिकामे चौकोन

बावीस वर्षं मी कॉलेजात पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवतेय आणि खरं सांगायचं तर आता कंटाळा येतो. फळा-खडू होता तेव्हा मुलं एकमेकांच्या वहीतून उतरवायची. आता लॅब झाली, कॉम्प्युटर आले, तर पेन ड्राइव्हमधून उतरवतात. प्रगती म्हणायची ती एवढीच.

दरवर्षी एक प्रॅक्टिकल असतं. वीस दिवस बसची किती मिनिटं वाट पाहिली ते लिहून ठेवायचं, आकडे कॉम्प्युटरवर भरायचे, सरासरी आणि आलेख काढायचा. साधं काम. पण एक जण घरबसल्या आकडे ठोकून देतो आणि बाकीचे फाइलवरचं नाव तेवढं बदलतात. यंदा नाशिक रोडच्या मुलांची सरासरी साडेतेरा मिनिटं, पंचवटीतल्यांचीही साडेतेरा. कॉलेजच्या मागच्याच गल्लीतला एक पठ्ठ्या रोज चालत येतो. त्यानंही साडेतेरा मिनिटं बसची वाट पाहिली होती.

सुरुवातीला मी ओरडायचे. पालथ्या घड्यावर पाणी. मग बाहेरचे परीक्षक बघतात तेवढंच मीही बघू लागले: चौकोन सगळे भरलेत ना, आलेख नीट आहे ना. साठ फाइली तपासताना नाकीनऊ येतात हो.

त्यात एका मुलीच्या फाइलीत चार चौकोन रिकामे होते. घोटीहून येणारी, मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी मुलगी. मी 'अपूर्ण' असा शेरा मारला, वीसपैकी पाच दिले आणि मार्क ऑनलाइन भरून मोकळी झाले. पाच म्हणजे नापास, म्हणजे पुढच्या वर्षी परत बसायचं.

मार्क लागले तशी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझं काय चुकलं ते सांगता का?"

"चार दिवसांचे आकडे भरलेच नाहीस की."

"त्या चारी दिवशी बस आलीच नाय, मॅडम. दीड तास उभी राहिले आन् मग घरी गेले. आलीच नाय तर किती मिनिटं लिहायची? तुम्हीच सांगितलं होतं, आकडा नसला तर शून्य लिहू नका, चौकोन रिकामा ठेवा."

सांगितलं होतं खरं, दरवर्षी सांगते. तिनं दप्तरातून एक छोटी वही काढली. रोजची तारीख, स्टॉपवर आल्याची वेळ, बस आल्याची वेळ, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. साठ पोरांत हिनं एकटीनं बसची वाट पाहिली होती आणि मी नेमकं हिलाच नापास केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच ऑफिसात गेले. 'तपासताना माझी चूक झाली' असा अर्ज लिहिला. कारकून भाऊसाहेबांनी तो वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, कशाला अंगावर घेता? चौकशी लागते, खेपा घालाव्या लागतात. 'तांत्रिक चूक' लिहा. सगळे तेच लिहितात."

चार वाजले होते, डोकं ठणकत होतं. मी 'तांत्रिक चूक' लिहिलं. आठवड्यात तिचे मार्क अठरा झाले. तिनं विचारलं, "काय झालं होतं, मॅडम?" मी म्हणाले, "काही नाही गं, रिकाम्या चौकोनांनी कॉम्प्युटरची गडबड झाली." ती मान डोलावून गेली.

पुढच्या सत्रात नवं प्रॅक्टिकल दिलं: घरी नळाला पाणी ठरल्या वेळेपेक्षा रोज किती मिनिटं उशिरा येतं. तिची फाइल उघडली. वीसच्या वीस चौकोन भरलेले, आलेख देखणा, सरासरी बेचाळीस मिनिटं. शेजारच्या मुलीचीही बेचाळीसच. मी तिला बोलावून घेतलं.

"रोज पाणी आलं तुमच्याकडे? एक दिवसही खाडा नाही?"

"नाय, मॅडम. मधे पाच दिवस आलंच नाय. पण रिकामं ठेवलं की कॉम्प्युटर गडबड करतो ना? तुम्हीच म्हणाल्या."

"आणि वही कुठे आहे तुझी?"

"आता नाय ठेवत."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की गडबड कॉम्प्युटरची नव्हती, माझी होती. पुढची मुलगी फाइल घेऊन उभी होती. तिची फाइल पूर्ण होती, मी अठरा दिले.