वकिलांची काठी

ओल्या कुत्र्याचा वास आला की केलगेरीच्या तळ्याकाठची ती सकाळ आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सप्तापुरात खोली घेऊन राहायची, शाळेत शिकवायची, आणि रस्त्यावरून उचलून आणलेली माझी गावठी कुत्री रोज माझ्याबरोबर तळ्यावर यायची. बिडरी नावाचे एक वकीलही आपला अल्सेशियन तिथे आणायचे. त्या दिवशी दोन्ही कुत्री चिखलात लोळत, गुरगुरत एकमेकांच्या मानेला लागली होती. माझी वर, त्यांचा खाली. वकिलांनी वेताची काठी उगारली. "बाई, हिला आवरा, नाहीतर कुत्री पकडायची गाडी बोलावतो." मी काठीचं दुसरं टोक घट्ट धरलं. "बिडरी अण्णा, खेळतायत ती. मी माझीला धरते. तुमचा पळाला तर भांडण, परत आला तर खेळ." दुसऱ्या हाताने मी तिला पट्ट्याला धरून मागे ओढलं. अल्सेशियन उठला, अंग झाडून त्याने आम्हा दोघांवर चिखल उडवला, आणि येऊन तिचा कान ओढू लागला. "तरी बांधून आणत जा," वकील म्हणाले. "तुमचा बांधा, मग माझी बांधते," मी म्हटलं. ते काठी माझ्या हातात तशीच सोडून निघून गेले. त्यांनी ती कधी मागितली नाही, मीही नेऊन दिली नाही. आता माझे गुडघे गेलेत, तीच काठी टेकत फिरते. कुत्र्यावर ती एकदाही उगारलेली नाही; माणसांचं मात्र सांगवत नाही.