एकादशीचा विटकरी रंग

टक्... घस्स. टक्... घस्स. अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, खडावांचा तो आवाज अजून कानात आहे. खुंटीनं घासून त्यांच्या डाव्या अंगठ्याला जखम झाली होती, ती काही केल्या भरेना. "साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल," असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. अण्णा कीर्तनकार, उभं राहण्यावर पोट. अकोल्याच्या जुन्या शहरात मधुमेहाची म्हातारी मंडळी दर रविवारी देवळात जमून आपली साखर आपणच तपासतात, असं कळलं, आणि आम्ही निघालो. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत असे.

तुम्ही आता मोटारीनं दोनेक तासांत पोचाल. आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलली. बाहेर फुटलेला कापूस, माझ्या मनात शाळेतल्या कवितेची चाल आणि समोर अण्णांचा एकादशीचा डबा: साबुदाण्याची उसळ, रताळ्याचा कीस, वर केळी. मूर्तिजापूरला चहा मात्र त्यांनी बिनसाखरेचा घेतला, औषधासारखं तोंड करून.

मोर्णा नदीपलीकडच्या गल्ल्या पायीच बघाव्यात. विचारत विचारत देऊळ सापडलं. सभामंडपात स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या. नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, मग उकळी. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं की साखर वाढती. (आता घरोघरी यंत्रं आहेत, तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

अण्णांची नळी विटकरी झाली.

शेजारच्या काशीबाई, शेतकरीण, भाकर खाऊन आलेल्या. त्यांची निळीच.

"नळ्या बदलल्या!" अण्णा कडाडले. "मी उपाशी, ही जेवून आलेली!"

पुन्हा उकळलं. पुन्हा विटकरी.

"महाराज, उपासाले खाल्लं काय?" काशीबाईंनी विचारलं.

अण्णांनी अभिमानानं डबा सांगितला. मंडप हसून लोटपोट.

"मंग साखर काहून नाही येनार? आमी पोटभर जेवून जेवढं खात नाही, तेवढा तुमचा उपास!"

"मग काहीच खात नाही."

"तसं नाही," मंडळींना सल्ला द्यायला येणारे डॉक्टर म्हणाले, "चक्कर येऊन पडाल."

"खाल्लं तरी चूक, नाही खाल्लं तरी चूक. करू तरी काय?"

"काय खाल्लं का कोनता रंग येते, ते पाहाचं," काशीबाई म्हणाल्या. "आमी तेच करून राहिलो. आज तुमचा उपास कळला, उद्या माहा आंबा."

परतताना जन्मभराच्या एकादश्या देवाला पोचल्या की नाहीत, एवढंच अण्णांनी विचारलं.  त्याचं उत्तर मी पाठ असलेल्या कवितांत शोधलं. आजही शोधणं चालू आहे.

घरी ओसरीवर स्पिरिटचा दिवा लागला. कीस गेला, ताक-काकडी आली. एकादशीला नळी कधी हिरवी, कधी उगीचच पिवळी. अंगठ्याच्या जखमेची कड आत सरकत होती, की आमचीच नजर भोळी झाली होती, कळेना. "निळी का नाही झाली?" म्हणत अण्णा एका सकाळी नळीवर खेकसत होते, तेवढ्यात कडी वाजली.

दारात आमच्या चौकातला मिठाईवाला. ज्याच्या दुकानावरून जाताना अण्णा मान फिरवायचे, तोच. इकडंतिकडं पाहत त्यानं उपरण्याआडून झाकण लावलेली बाटली काढली.

"महाराज, गिऱ्हाइकाले सांगू नका. माहा बी रंग पाहता का?"