दोन्हींचा आवाज सारखा करा

आमच्या आत्याबद्दल आख्ख्या रस्त्यावर बातमी होती की ती ठार बहिरी झाली. अकरा वर्षं हेडफोनच्या दुकानात उभं राहून आधी डावा कान गेला, मग उजवा, आणि आता ती समोरच्याचे ओठ बघून बोलते म्हणे. बेकरीवाल्या काकू तर तिला बिस्किटं किती हवीत हे बोटं नाचवून विचारायच्या. आत्या शांतपणे म्हणायची, "पाव किलो. आणि मागे तुमचा टायमर वाजतोय." काकू आत धावायच्या, पण बातमी काही मागे घ्यायच्या नाहीत.

खरं म्हणजे आत्याला नको इतकं ऐकू येतं. मी मागच्या खोलीत दार लावून तिची नक्कल केली, तरी ती स्वयंपाकघरातून ओरडते, "'अगं बाई' मी इतकं लांबवत नाही!" फ्रिज बिघडणार हे तिला फ्रिजच्या आधी कळतं. बहिरेपणाची ती बातमी उठवली तिच्या मालकाने. का, ते ऐका.

त्याचं दुकान मोठ्या रस्त्यावर. काचेचं दार, भिंतभर टांगलेले हेडफोन, मधे काउंटर आणि काउंटरवर दोन प्लेअर. एकाला स्वस्त हेडफोन जोडलेला, दुसऱ्याला महाग. गाणं तेच. गिऱ्हाइकाने आधी स्वस्त कानाला लावायचा, मग महाग, आणि मग डोळे मोठे करून "अरे वा!" म्हणायचं. आता ते 'अरे वा' कुठून येतं? महागाच्या प्लेअरचा आवाज गुपचूप दोन घरं वर ठेवलेला असायचा. जरा मोठा आवाज आपल्याला नेहमी जास्त चांगला वाटतो, आणि तो मोठा आहे हे मात्र कळत नाही. तेवढ्यात मालक मागून यायचा. त्याचा आवाज नाकातून निघतो आणि वाटेत लोणी लावून घेतो. "म्हणजे काय आहे ना मॅडम, हा आवाज नाहीये. हा अनुभव आहे, अनुभव."

ती दोन घरं आत्यानेही अकरा वर्षं वर सरकवली. हे ती लपवत नाही. "पोट होतं माझं," म्हणते आणि विषय बदलते.

मग एक दिवस एक नर्सबाई आल्या. ड्यूटी संपल्यावर दोन तास बसने घरी जायचं, तेवढ्या वेळात डोळा लागावा म्हणून काहीतरी हवं होतं. पायांना सूज, डोळ्यांखाली काळं. त्यांनी महाग हेडफोन लावला, 'अरे वा' म्हणाल्या आणि पर्स उघडली. आत्याला काय झालं कोण जाणे. तिने हात पुढे करून दोन्ही प्लेअर एकाच घरावर आणले आणि म्हणाली, "आता ऐका बघू." बाईंनी ऐकलं, परत ऐकलं. "सारखंच तर आहे!"

"तेच सांगतेय. शिवाय हा मोठा घालून खिडकीला डोकं टेकलंत तर कानाची पोळी होईल. तुम्ही हे छोटे घ्या, कानात बसणारे. रबर तेवढं नीट मापाचं घालून देते."

बाई छोटे घेऊन खुशीत गेल्या. मालकाने दार लागायची वाट पाहिली नाही. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडे वळून तो हसत हसत म्हणाला, "म्हणजे काय आहे ना, आमच्या बाईंना हल्ली कमी ऐकू येतं. त्यांना फरकच कळत नाही. वयच झालं." आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणाला.

नोकरी गेली याचं आत्याला एवढं नव्हतं. पण तिच्या धंद्यात 'हिला ऐकू येत नाही' म्हणणं म्हणजे शिंप्याला आंधळा म्हणणं. तिने आणखी तीन दुकानांत विचारलं. तिन्हीकडे तिला मोठ्याने, तोंड वाकडंतिकडं करून सांगण्यात आलं की जागा नाही. तिसऱ्या दुकानातून आली त्या दिवशी ती चपला काढताना म्हणाली, "चारचौघांत बोललाय ना तो? चारचौघांतच परत घ्यायला लावते." तिचा आवाज इतका थंड होता की मला त्याची नक्कल आजतागायत जमलेली नाही.

आठवड्याभरात तिने मालकाच्या बरोब्बर समोर, इमारतीच्या जिन्याखाली टेबल टाकलं. एका बाजूला चावीवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. पाटी लावली, 'हेडफोन, इअरफोन दुरुस्ती. सल्ला फुकट.' खरं हत्यार होतं ते शेवटचं वाक्य.

कोणीही आलं की तिचे तीन प्रश्न ठरलेले. "कुठे बसून ऐकणार? चष्मा आहे का? आणि ऐकताना तुम्हाला हाक कोण मारणार?" तिसऱ्या प्रश्नाला लोक गोंधळायचे. एक तरुण बाबा बाहेरचं काहीच ऐकू न देणारा हेडफोन घ्यायला निघाला होता. आत्या म्हणाली, "घरी बाळ आहे ना? मग ते रडेल आणि तुम्ही मान डोलवाल. बायको तुम्हाला हेडफोनसकट बाहेर काढेल. कान उघडे राहतील असं काहीतरी घ्या." फिरतीच्या विक्रेत्याला तिने सांगितलं, "नॉइज कॅन्सलिंग घ्या, पण आशा फार ठेवू नका. ते इंजिनाची घरघर गिळतं. शेजारचा माणूस फोनवर बोलत असेल, तर तो गिळला जात नाही." चष्मेवाल्यांना ती हेडफोन वीस मिनिटं घालून बसायला लावायची, कारण चष्म्याच्या काडीवर दाब पडून डोकं चढतं ते विसाव्या मिनिटाला. कानात घालायच्या इअरफोनचं रबर तर ती दोन कानांना दोन मापांचं द्यायची. "डावा नि उजवा काय जुळे आहेत का? सैल बसलं की ढोल गायब, मग तुम्ही आवाज वाढवता, मग येता माझ्यासारख्या बहिरीकडे."

आणि निघताना प्रत्येकाला एकच मंत्र. "समोर जाऊन खुशाल घ्या हं. फक्त म्हणा, दोन्हींचा आवाज सारखा करा."

लोक रस्ता ओलांडायचे. मी जिन्याच्या पायरीवर बसून काचेपलीकडच्या मूकपटाला आवाज द्यायचे. "म्हणजे काय आहे ना सर, आवाज सारखा करायची आपल्याकडे पद्धत नाहीये. सर... सर, ऐका तरी..." चावीवाला पोट धरायचा. आत्या हसायची नाही. ती मोजायची. पिशवी घेऊन बाहेर आलेले किती, रिकाम्या हाताने किती.

महिन्याभरात मालकाने काचेवर कागद चिकटवला, 'ऐकून पाहण्याची सोय तूर्त बंद.' न ऐकता हेडफोन कोण घेतं? गिऱ्हाईक आणखी आटलं. मग त्याने घायकुतीला येऊन कुठून तरी पाच खोकी माल उचलला. त्यातले निम्मे हेडफोन ठीक आणि निम्म्यांत बारीक शिट्टी. माल देणारा वाईट तेवढेच शुक्रवारपर्यंत परत घेणार, अशी अट. आणि कुठल्यात शिट्टी आहे हे त्याच्या तीन विक्रेत्यांपैकी एकालाही धड कळेना. एक म्हणे सगळ्यांत आहे, एक म्हणे कशातच नाही, तिसरा म्हणे पंख्याची असेल.

बुधवारी त्यातलाच एक रस्ता ओलांडून आला. "बाई, उद्या मालक स्वतः येणार आहेत. काउंटर परत देतो म्हणतायत."

तो गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, तो माफी मागेल आणि तू विरघळशील. दहा मिनिटांत 'जाऊ द्या हो, झालं गेलं' म्हणशील. लाव पैज."

"लावली."

गुरुवारी अकराला मालक आला, मागे खोकी घेतलेले दोघे. टेबलासमोर पाच माणसं होती. तो वाकून हळूच म्हणाला, "बाई, जरा काम होतं."

आत्याने कानामागे हात धरला. "काय?"

"काम होतं म्हटलं."

"मोठ्याने बोला हो. मला कमी ऐकू येतं ना."

चावीवाल्याची कानस थांबली. झेरॉक्सवाल्याने मशीन बंद केलं.

"मी म्हटलं, ते... ते गैरसमजातून..."

"गैरहजर?"

"गैरसमज!"

"कोणाचा?"

बेकरीवाल्या काकू ओले हात पुसत बेकरीच्या दारात आल्या. मालकाचं लोणी पार वितळून गेलं होतं. तो नाकातून नाही, पोटातून ओरडला, "तुमचे कान चांगले आहेत! मी खोटं बोललो होतो!"

"हां," आत्या म्हणाली. "हे ऐकू आलं."

मला वाटलं, आता. आता ती खुर्ची पुढे सरकवणार. मालकालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने लगेच खोकं टेबलावर ठेवलं. आत्याने वरचा एक हेडफोन काढला, कानाला लावला आणि तीन सेकंदांत खाली ठेवला. "यात शिट्टी आहे."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे तुमच्या माणसांना ऐकवा. त्यांचं वय झालेलं नाही."

"बाई, उद्या शुक्रवार आहे हो! काउंटर देतो, पगार वाढवतो..."

"काय?" आत्याने पुन्हा कानामागे हात नेला, आणि मग त्याच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "पुढचे कोण? या. कुठे बसून ऐकणार?"

पाच खोकी रस्ता ओलांडून परत गेली. मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं कधीच उलटली होती आणि आत्या विरघळली तर नव्हतीच, उलट एका आजोबांना रबराची मापं दाखवत होती.

पैजेची अट अशी होती की मी हरले तर महिनाभर तिची नक्कल करायची नाही. आज अकरावा दिवस आहे. लिहिण्याबद्दल काही ठरलं नव्हतं.