दचकतं का? होय / नाही

सरकारी रजिस्टरात हसण्यासारखं काही असतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आम्ही जुनी मंडळी कुणाच्या लग्नात भेटलो की पंगत उठते, मांडव रिकामा होतो, तरी आमचं संपत नाही. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात!

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. दोन हजार साल उजाडायच्या आगेमागे जुन्नर-आंबेगावात एक छोटा प्रकल्प होता. गावोगावच्या सिस्टर घरी जाऊन नव्या बाळांची नोंद करायच्याच. वजन, लस, ताप वगैरे. पुण्याहून आलेल्या आमच्या डॉक्टर मॅडमनी त्या रजिस्टरात एक रकाना वाढवला : 'आवाजाला दचकतं का? होय / नाही'. मी घोडेगावच्या एका खोलीत बसून ते सगळं कॉम्प्युटरवर चढवायचो.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. जन्मापासून ऐकू न येणारं मूल तीन-चार वर्षांचं होऊनही बोलेना, तेव्हा कुठं घरच्यांना कळतं. तोवर भाषा शिकायचं वय हातातून गेलेलं असतं. ते पहिल्या काही महिन्यांतच कळायला हवं. वरच्या ऑफिसातल्या साहेबांना मात्र हा रकाना म्हणजे नसती उठाठेव वाटायची. "काही निघालं तर ठेवू, नाहीतर बंद!" असं त्यांनी पहिल्याच मीटिंगला सांगून टाकलं होतं.

*

पहिले तीन महिने सगळीकडे 'होय'. मी खूश! मॅडमचा चेहरा मात्र पडलेला.

"जाधव, दोन तालुक्यांत एकही बाळ बहिरं नाही? मग मूकबधिर शाळेतली मुलं काय आभाळातून पडली?"

जीप काढली. पहिल्याच गावात सिस्टरनी तपासणी करून दाखवली. बाळाच्या तोंडासमोर जोरात टाळी. बाळ दचकलं. मग मॅडमनी त्याच जागी नुसता हात हलवला, अजिबात आवाज न करता. बाळ पुन्हा दचकलं! टाळीचा वारा लागत होता हो त्याच्या तोंडाला.

सिस्टरनी कपाळावर हात मारला. "अगं बया! म्हंजे तीन महिने आमी पोरांना वारा घातला!"

*

त्यावर मॅडमनी तोड काढली. पत्र्याची डबी, तिच्यात मोजून टाकलेले हरभरे. बाळ जागं आणि शांत असताना त्याला दिसणार नाही अशी, कानामागं धरून वाजवायची. सगळ्या सिस्टरना एकसारखी डबी. हरभरे मॅडमनी स्वतः निवडले होते, लग्नाच्या अक्षता निवडाव्यात तसे!

काही महिने बरे गेले. मग ओतूरच्या बाजूच्या एका गावातून रजिस्टर आलं. ओळीनं 'नाही, नाही, नाही'. महिन्याभरात जन्मलेलं एकूण एक बाळ बहिरं! मॅडम पाणीही न पिता जीपमध्ये बसल्या.

डबी उघडली तर आत हरभऱ्याचं पीठ. भुंगा लागला होता! सिस्टर महिनाभर इमानेइतबारे पीठ हलवत होत्या.

मॅडमनी विचारलं, "अहो, डबीचा आवाज येत नाही हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. पण मी म्हटलं, आता आपलंच वय झालं!"

*

निरगुडसरला एका घरी आजोबा डबी वाजवू देईनात. "काय गरज न्हाई. पोरगं बोलंल टायमावर. याचा बाप बी पाच वर्षांचा झाल्यावर बोलला. आता ग्रामपंचायतीत कुणाला बोलू देत न्हाई!"

मॅडम मुळीच रागावल्या नाहीत. ओसरीवर बसल्या, चहा घेतला. मग म्हणाल्या, "आजोबा, मुलगा उशिरा बोलला, पण लहानपणी भांडं पडलं की वळून बघायचा ना?"

"बघायचा तर! कोंबडं आरवलं तरी रडायचा."

"मग नातवाचंही तेवढंच बघायचंय."

आजोबांनी डबी हातात घेतली आणि स्वतःच वाजवली. नातवानं असं भोकाड पसरलं की विचारू नका. आजोबा नुसते खुलले. "लिव्हा! मोठ्या अक्षरात लिव्हा!"

माणसाला कमीपणा न देता त्याच्याकडून काम करून घ्यायचं, हे मी मॅडमकडून शिकलो. पुरतं जमलं नाही, ही गोष्ट वेगळी.

*

आता हिराबाई. तळेघरकडच्या वाड्यावस्त्यांच्या सिस्टर. तिकडं एसटी आली तर आली, नाहीतर पायी. भातखाचरांच्या बांधावरून त्या अशा चालायच्या की मी तिशीतला, तरी मला धाप लागायची.

त्यांच्या रजिस्टरात एका मुलीच्या नावापुढं लिहून आलं, 'झोपली होती. परत जाईन.' पुढच्या खेपेला, 'रडत होती. परत जाईन.' तिसऱ्यांदा पुन्हा, 'झोपली होती.' माझा कॉम्प्युटर फक्त होय किंवा नाही घ्यायचा. मी वैतागून 'होय' दाबलं आणि मोकळा झालो.

चौथ्या वेळी लिहून आलं, 'जागी होती. दचकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. दचकत नाही.'

मॅडमनी कागद पाहिला, स्क्रीन पाहिला. आवाज न चढवता म्हणाल्या, "जाधव, त्या बाई चार डोंगर चढून जे शोधत होत्या, ते तुम्ही एका बोटानं पुसलंत." मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी डबा उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला हिराबाईंबरोबर त्या घरी धाडलं.

वाटेत मी विचारलं, "एवढ्या वेळा का गेलात? 'होय' लिहिलं असतं तर कोण बघणार होतं?"

"भिमाआजी बोलली व्हती ना," हिराबाई म्हणाल्या. भिमाआजी म्हणजे तिथली सुईण. बाळ जन्मलं की ती त्याच्याजवळ काशाची थाळी वाजवायची, पिढ्यान् पिढ्यांची रीत. "आजी म्हनली, या पोरीच्या टायमाला थाळी वाजिवली तर गोठ्यातली म्हस उधळली, पर पोरगी हलली न्हाई. मग मला झोप कशी लागंल?"

मॅडमनी पुढं भिमाआजीलाच बोलतं केलं. कोणत्या घरचं कोणतं बाळ थाळीला हललं नव्हतं, हे तिला तोंडपाठ होतं. रिपोर्टात मॅडमनी तिची माहिती वेगळी मांडली आणि खाली लिहिलं, 'माहितीचा स्रोत : सुईण'. वरून विचारणा आली, हा कोणत्या पुस्तकातला निकष? मॅडमनी उत्तर धाडलं, "आजी शाळेत गेलेली नाही. पुस्तक आपण लिहू."

*

साहेबांनी एकदा तो रकाना बंद करायचं पक्कं ठरवलं. पण तो चालू राहिला. का, ते सांगतो. मी तिथंच होतो.

हिराबाईंच्या त्या मुलीची पुण्यात तपासणी झाली, तिला ऐकायचं मशीन मिळालं. छातीवर पट्ट्यानं बांधलेली डबी, कानात वायर. ती दीड वर्षाची झाली तेव्हा साहेब पाहणीला तळेघरला आले. त्याच घरात आम्ही बसलो. आई चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत होती आणि पोरगी तिच्या पाठीला टेकून खेळत होती.

साहेबांनी सुरुवातच केली. "एवढ्या दोन तालुक्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं! यासाठी एवढी यंत्रणा राबवायची?"

मॅडमचाही तोल सुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओरडताना पाहिलं. "त्या बोटांतलं एक इथं बसलंय!" साहेबांचा आवाज चढला, मॅडमचा त्याच्याही वर गेला. हिराबाई भिंतीला चिकटून उभ्या.

आईनं भाकरी तव्यावरून उतरवली, हात पुसले. शांतपणे पोरीच्या कानातली वायर काढली, पट्टा सोडला, मशीन उंच फळीवर ठेवलं आणि परत भाकरी थापायला बसली.

साहेब बोलता बोलता थांबले. "का हो? मशीन बिघडलं का?"

"न्हाई, साहेब. मशीन झ्याक हाय," ती मान वर न करता म्हणाली. "घरात भांडण लागलं का मी काढून ठेवते. तुमचं झालं की सांगा, परत घालते."