बारा वाजून दहा मिनिटांची नोंद

शेजारच्या पोडावरच्या वस्तीतली रामीबाई पूनमसिंगच्या हरभऱ्याच्या धुऱ्यावर, बांधालगतच्या तारेला चिकटून मेली. तार रानडुकरांसाठी होती. तिसऱ्या दिवशी पोलीस जमादार तांड्यावर आला तेव्हा त्याला एकच विचारायचं होतं. त्या सांजेला तारेत झटका मशीनचा हलका करंट होता, की कुणी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतली लाइन थेट सोडली होती?

"मशीनच चालू होतं साहेब. बिघडलं असन," पूनमसिंग म्हणाला.

खरं काय ते त्याच्याशिवाय आणखी एकाला ठाऊक होतं. त्याच्या थोरल्या भावाला, धनसिंगला.

कळंबला विजेच्या मोटारी बांधायच्या दुकानात धनसिंगनं तीस वर्षं काढली. जळक्या मोटारीतली तांब्याची तार त्यानं घरापासून निंबापर्यंत ताणली अन् जुन्या रेडिओवर शॉर्टवेव्हची दूरदूरची केंद्रं धरू लागला. मोठी केंद्रं कुणालाही लागतात. त्यांचं त्याला अप्रूप नव्हतं. त्याला हवी असायची ती बारकी, वरातीच्या भोंग्यालाही पुरणार नाही एवढ्याशा ताकदीवर कुठल्या बेटावरून दोन-तीन माणसं चालवतात तशी. ऐकलं ते वहीत टिपायचं, पत्रानं कळवायचं. खरं ठरलं तर तिकडून कार्ड येई. अशी एकेचाळीस कार्डं पत्र्याच्या डब्यात होती. नाव ऐकू आलं नाही तर तो 'नाव कळलं नाही' असंच लिही. अंदाजानं त्यानं कधी एक अक्षर टाकलं नव्हतं.

"एवढा कान माह्याकडे देला असता तं मी तुले कायच्या कायी सांगतलं असतं," बिजलीबाई, त्याची बायको, म्हणायची.

दोन वर्षांमागं पूनमसिंगनं शेजारच्या वावरात झटका मशीन बसवलं अन् त्याच्या दर झटक्यासरशी रेडिओत सेकंदासेकंदाला टिक, टिक सुरू झालं. बारकं केंद्र त्याखाली पार चेंगरून जाई.

"पूनम, सांजच्याले घंटाभर तरी बंद ठेव ना बे."

"भिया, डुक्कर का तुह्या रेडिओचा टाइम पाहून येते? अन् त्या मशीनले आता भीतही नाही ते. मी एक दिवस सरळ लाइनच सोडतो."

धनसिंग हसला होता.

त्या सांजेला टिकटिक थांबली. काहून थांबली, हे त्याच्या मनात आलं. आलं, अन् त्यानं ते बाजूला सारलं. कारण तीन वर्षं ज्याच्या मागं होता ते प्रशांत महासागरातलं केंद्र खरखरीतून वर येऊ लागलं होतं. चौथ्या मिनिटाला एका बाईनं केंद्राचं नाव घेतलं, अगदी साफ. धुऱ्याकडून रामीबाई चुकार बकरीला हाका मारत होती. त्याही त्याला ऐकू आल्या. त्यानं आवाज वाढवला.

"आमचा म्हातारा त्या मशीनची टिकटिकही वहीत लिहून ठेवते," बिजलीबाई चौकशीला आलेल्या जमादाराला बोलून गेली.

जमादारानं वही मागवली, त्या दिवसाच्या नोंदीवर बोट ठेवून वाचलं. "बारा दहा. टिकटिक बंद. म्हणजे दुपारी मशीन बंद होतं."

"हो, हो," पूनमसिंग लगेच म्हणाला. "दुपारी ब्याटरीत पाणी टाकाले काढलं होतं. मंग लावलं."

जमादारानं वही मिटली. या छंदात वेळ लिहायची ती जगाच्या घड्याळाची, आपल्याहून साडेपाच तास मागची. जमादाराला हे ठाऊक नव्हतं, पूनमसिंगलाही नाही. बिजलीबाईला होतं. तिनं पदर दातात धरला अन् नवऱ्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून.

धनसिंगनं वही परत उघडून जमादारापुढे ठेवली.

"साहेब, याच्यात साडेपाच घंटे मिळवा लागते."

"म्हणजे?"

"सहाले वीस मिनिटं कमी होती तवा मशीन बंद झालं. ते पुन्हा लागलं नाही. रामीबाई तवा जित्ती होती. बकरीले हाका मारून राह्यली होती."

"भिया," पूनमसिंग म्हणाला.

जमादारानं लेखणी काढली. "तुम्ही आयकल्या हाका?"

"आयकल्या."

"अन् पूनमसिंग थेट लाइन सोडणार, असं काही आधी कानावर आलतं?"

"आलतं."

"मंग उठून काहून नाही गेले?"

धनसिंगनं वहीचं पान बोटानं सरळ केलं.

"रेडिओ लई साफ लागला होता," तो म्हणाला.

जमादारानं तेही लिहून घेतलं.