पडद्यापाशी थांबणारी अक्का

अक्का गेली तेव्हा मी कंपनीत मशीनखाली आडवा होतो. बायकोचा फोन तीनदा चिडून कट केला. चौथ्यांदा उचलला, तर पलीकडून नुसतं रडणं... माझ्या थोरल्या बहिणीला जाऊन आता दीड महिना झाला. नगरात ब्लाऊज शिवून तिनं दोन पोरं एकटीनं मोठी केली. पण तिचं मोठेपण सांगायचं तर आधी माझा मूर्खपणा सांगावा लागेल.

गेल्या वर्षी माझी सायली दहावीला गेली आणि दाराआडच राहू लागली. आतून कडी, मोबाईल, मध्येच हसणं, मध्येच रडणं. विचारलं की, "काही नाही, पप्पा." एके दिवशी माझं डोकं फिरलं. मी सुप्याच्या एमआयडीसीतला फिटर, हत्यारं घरातच. दहा मिनिटांत बिजागऱ्या खोलल्या आणि दार गच्चीवर नेऊन टाकलं. बायको ओरडली, "अहो, वयात आलेली पोर आहे!" पण मी ऐकतो होय? त्या दिवसापासून सायली कपडे बदलायला न्हाणीत जाऊ लागली आणि माझ्याशी बोलायचीच बंद झाली. आज लिहितानाही लाज वाटते.

रविवारी अक्का एसटीनं आली. उघडी चौकट बघितली. वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. तर बाईनं पिशवीतून टेप काढून मुकाट्यानं माप घेतलं. पुढच्या रविवारी जाड निळा पडदा शिवून आणला, टांगला आणि बाहेर उभी राहून म्हणाली, "सायली, येऊ का गं?" आतून आलं, "नको." "बरं," म्हणून अक्का चहा पिऊन परत निघाली. मी थक्क! गुडघे धरलेली साठीची बाई पंधरा वर्षांच्या पोरीची परवानगी मागते? स्टँडवर म्हणालो, "अगं, शिरायचं ना आत! नुसता पडदा तर हाय."

"म्हनून तर इचारायचं. दार आपल्याला अडवतं, बाबा. पडद्यापाशी आपुनच आपल्याला अडवायचं."

असे आणखी दोन रविवार ती आली आणि परत गेली. त्याच्या पुढच्या रविवारी आतून "ये आत्या" आलं. दोघी दोन तास आत होत्या. काय बोलल्या विचारलं, तर म्हणाली, "ते तिचं हाय." शेवटपर्यंत सांगितलं नाही हो! एवढं पोटात ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. सायली हळूहळू आईशी हसूबोलू लागली, माझ्याशी नाही. मग मीही पडद्याबाहेरून विचारायला लागलो. रोज "नको". कंटाळून अक्काला फोन केला, तर म्हणे, "परत फिरलास ना? मग झालं."

ती गेली, तरी मी विचारतच राहिलो.

तेराव्याहून आलो आणि आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलो. पन्नाशीचा बाप रडताना पोरीला दिसू नये, एवढंच मनात. आमचं दार नेहमीसारखं सताड उघडं. बाहेर पावलं वाजली, थांबली. बायको असेल म्हणून मी हललो नाही.

"पप्पा... येऊ का?"

या घरात मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मी उठून बसलो, बाहीनं डोळे पुसले. आणि पोर उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली, मी "ये" म्हणेपर्यंत.