सुलभाताईंची तिसरी मॅच

मला बंदुकीची किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. आवाजाची येते, बारुदीच्या जळक्या वासाची येते, आणि शनिवारी सकाळी कमरेला पट्टे आवळून, सुटलेली पोटं त्यावरून लोंबकळत ठेवून, कानांवर डबडी चढवून जमणाऱ्या माणसांची तर सगळ्यात जास्त येते. नेमबाजीच्या त्या रेंजवर एकच प्लास्टिकचं संडास होतं. त्याविषयी मी लिहिणार नाही.

तरी ओळीने तीन महिने, महिन्यातला एक शनिवार, मी तिथे घालवला. कारण सुलभाताई बोकारे. मूळच्या नागपूरच्या, गेली बावीस वर्षं अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात, वय सत्तावन्न. एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करायच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, आणि त्यात इतक्या तरबेज की त्यांचा ईमेल आला की पोरं चहा सोडून पळायची. उंची पाच फूट, केसांचा अंबाडा, पायात नेहमी पांढरे बूट. नवरा राजीव चार वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. मी त्यांच्या दोन घरं पलीकडे राहते.

नवरा गेल्यावर इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी त्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही. तसं करायला हिंमत लागते. प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला बोलवायच्या, पिकनिकला बोलवायच्या. फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या यादीत त्यांचं नाव राहून जायचं. दरवर्षी राहून जायचं. ती यादी मीच करायचे.

तर या बाईंनी एक दिवस, लेकी-सुनांच्या फोटोंची चर्चा चालू असताना, मला सांगितलं, "मी पिस्तूल घेतलं. क्लास लावलाय." मला वाटलं, एकटं राहून डोक्यावर परिणाम झाला. "भीती वाटते का घरात?" मी विचारलं.

"भीती कशाची? मॅच खेळायची आहे. ऑफिसातला एक जण जातो, त्याने एकदा नेलं होतं. तिथे मला कुणी बिचारी म्हणत नाही गं. तिथे म्हणतात, लाइनीत उभ्या राहा."

या खेळाला प्रॅक्टिकल पिस्तूल म्हणतात. एका जागी उभं राहून गोल चकतीवर नेम धरायचा, असला सभ्य प्रकार नव्हे. मोकळ्या मैदानात खोट्या भिंती, पिंपं, लाकडी खिडक्या उभ्या करतात. शिट्टीसारखा एक आवाज झाला की पट्ट्यातलं पिस्तूल काढायचं, त्या सगळ्यातून पळायचं आणि पुठ्ठ्याची टार्गेट्स दिसतील तसा नेम धरायचा. वेळ मोजतात, भोकं मोजतात. मग सगळे मिळून त्या भोकांवर चिकटपट्टीचे तुकडे लावतात आणि पुढच्याला पाठवतात. पुठ्ठ्यांना खांदे असतात, डोकं असतं. "माणसासारखेच का कापायचे?" मी एकदा ओरडलेच. सुलभाताई म्हणाल्या, "इला, तो पुठ्ठा आहे." मला तेवढ्याने पटलं नाही, अजूनही पटत नाही.

घरी त्यांचा सराव चालायचा. रिकामं पिस्तूल, समोर भिंतीवर चिकटवलेला पोस्टकार्डाएवढा कागद. काढायचं, धरायचं, ठेवायचं. रोज शंभर वेळा. मी भाजी घेऊन गेले तर त्या मान न वळवता म्हणायच्या, "बस, त्रेसष्ट झाले." ओट्यावर मिसळणाचा डबा आणि त्याच्या शेजारी ते काळं धूड. मला त्या ओट्यावर चहाचा कप ठेवायचीही शिसारी यायची.

त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तू व्हिसावर आहेस. तुला याला हात लावायची परवानगी नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. फेडरल गुन्हा आहे तो. मी वाचून काढलंय." मी बारा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. मी हसून म्हटलं, "ताई, सोनं लावून दिलंत तरी हात लावणार नाही."

गाडी मी चालवायची, हे ठरलं त्यांच्या अंगठ्यामुळे. उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला होता. तासभर स्टिअरिंग धरलं की नंतर पिस्तूल धरवत नसे. डिसेंबरात ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं की त्यानंतर हाताला झटका बसेल असं काहीही करायचं नाही. कायमचं नाही.

म्हणून घाई होती. त्या क्लबात नवीन माणसाला लगेच घेत नाहीत. लागोपाठ तीन मॅच एकही चूक न करता पुऱ्या करायच्या, मग क्लबच्या ऑफिसच्या भिंतीवरच्या लाकडी फळ्यावर नाव लिहितात. नंबर कितवा आला याला महत्त्व नाही. मॅच महिन्याला एक. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. एखादी जरी बाद झाली, तरी पुन्हा एकपासून मोजायचं, आणि सुलभाताईंकडे पुन्हा मोजायला महिने नव्हते.

"फळ्यावर नाव आलं की काय होतं?" मी विचारलं होतं.

"काही होत नाही. नाव असतं."

चूक म्हणजे काय, तर नेम चुकला ही चूक नाही. चूक म्हणजे सुरक्षेची. त्यातली सगळ्यात मोठी अशी: पिस्तूल पिशवीतून बाहेर काढायचं ते फक्त मातीच्या ढिगाकडे तोंड केलेल्या एका सेफ्टी टेबलवर, नाहीतर रेंज ऑफिसरने, म्हणजे तिथल्या पंचाने, सांगितल्यावर. इतर कुठेही हातात दिसलं, रिकामं असलं तरी, की त्या दिवसापुरतं नाव कटाप. सुलभाताईंना हा नियम फार आवडायचा. "इथे माफी नाही आणि टोमणेही नाहीत," म्हणायच्या. ऑगस्टात त्या शेवटून पहिल्या आल्या, सप्टेंबरात शेवटून तिसऱ्या. दोन्ही मॅच स्वच्छ. डेल नावाचा तिथला रेंज ऑफिसर, पूर्वी शाळेची बस चालवणारा म्हातारा, इतरांना ओरडायचा आणि यांना टोपी काढून नमस्कार करायचा. मला तोही आवडत नसे. तंबाखू थुंकायला हातात कायम एक बाटली.

आता मंडळाचं सांगते, कारण खरी ओकारी तिथे आहे.

ऑगस्टात बातमी फुटली की सुलभाकाकू बंदूक चालवतात. आमचे अध्यक्ष शंतनू. मोठी कंपनी, मोठी गाडी, आवाज त्याहून मोठा. त्यांनी मला फोन केला. "इला, यार, लोक अनकम्फर्टेबल आहेत. लहान मुलं असतात. या वर्षी गणपतीला त्या नाही आल्या तर बरं. तू सांगशील ना सॉफ्टली?" अठरा वर्षं सुलभाताई गणपतीला दोनशे पुडाच्या वड्या करून आणत. त्याच वड्या हादडून शंतनूंचं पोट आलं होतं. मी म्हणायला हवं होतं की स्वतः जाऊन सांगा. मी सॉफ्टली सांगितलं. सुलभाताई म्हणाल्या, "बरं," आणि त्या आठवड्यात सरावाचे शंभराचे दीडशे झाले.

आणि त्याच शंतनूंचा ऑक्टोबरात पुन्हा फोन. दसरा त्या वर्षी शनिवारी आला होता, मॅचच्याच दिवशी. संध्याकाळी शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. "शस्त्रपूजा करायची आहे. दरवर्षी आपण लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हर ठेवतो, कसलं बोअर होतं! या वेळी रिअल शस्त्र. काकूंना सांग, घेऊन या."

सुलभाताईंनी सांगितलं की शाळेच्या आवारात पिस्तूल आणलं तर पोलीस उचलून नेतील, आणि तसं नसतं तरी त्यांनी आणलं नसतं. मग शंतनूंनी तडजोड काढली. "फोटो तरी यार! हळदकुंकू वाहिलेला. स्क्रीनवर टाकू. नारीशक्ती म्हणून." महिनाभरापूर्वी हीच नारी मुलांच्या आसपास नको होती. मला इतका संताप आला की कानशिलं तापली. आणि तोंडातून काय निघालं? "बघते, पाठवते." मी ही अशी आहे. आतून चरफडायचं आणि बाहेरून मान डोलवायची.

सुलभाताईंना मी विचारलं नाही. त्या नाही म्हणाल्या असत्या.

शनिवारी सकाळी रेंजवर पोचलो. गाडी लावली. सुलभाताई सही करायला ऑफिसात गेल्या. "दहा मिनिटांत येते," म्हणाल्या. गाडीचं मागचं दार उघडं, पिशवी समोर. मी पर्समधून हळदकुंकवाची डबी काढली, स्टीलची छोटी ताटली काढली, झेंडूची दोन फुलं काढली. फुलं आदल्या दिवशी मीच दुकानातून आणली होती, म्हणजे हे अचानक सुचलं असंही मला म्हणता येणार नाही. चेन उघडली. ते माझ्या अपेक्षेपेक्षा जड आणि गार निघालं, मेलेल्या सरड्याला हात लावावा तसं. ताटलीशेजारी ठेवलं, उजव्या हाताच्या अनामिकेने त्याला हळद लावली, कुंकू लावलं, आणि बोट अजून टेकलेलं असतानाच डाव्या हातातल्या फोनने फोटो काढला. कुंकू लावताना मनात आलं की चार वर्षांत या बाईच्या कपाळाला आपण एकदाही बोट लावलं नाही, आणि हिच्या पिस्तुलाला लावतोय. विचार आला, आणि मी आणखी एक फोटो काढायला ते उचलून जरा तिरकं धरलं.

शेजारच्या गाडीत एक बाई मुलाच्या बुटांची नाडी बांधत होती. नळीचं तोंड तिकडे होतं. रिकामं होतं, पण ते मला कुठे माहीत होतं?

सुलभाताई आल्या त्या पळत नाही, ओरडत नाही. नुसत्या आल्या, माझं मनगट धरून खाली वळवलं आणि पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं. नळी जमिनीकडे, बोट घोड्यापासून लांब, शिकवल्याबरहुकूम. ते परत पिशवीत जायच्या आत मागून आवाज आला. "सुलभा. स्टॉप."

डेल उभा होता, दहा पावलांवर. त्याने पिस्तूल त्यांच्या हातात पाहिलं होतं, माझ्या नाही. त्याने ते आधी पिशवीत ठेवायला लावलं. मग ताटलीकडे पाहिलं, बोटांचे लाल ठसे पाहिले आणि विचारलं, हे तू बाहेर काढलंस का?

त्या माझ्याकडे पाहतील असं मला वाटलं. त्यांनी पाहिलं नाही.

"यस," सुलभाताई म्हणाल्या. "इट्स अ फेस्टिव्हल. माय मिस्टेक."

मला बोलायला पुरेसा वेळ होता. हे मला नीट सांगायचं आहे. डेल घाईत नव्हता. टोपी काढली, कपाळ पुसलं, बाटलीत थुंकला. त्याला ते करायचं नव्हतं, हे कुणालाही दिसलं असतं. चांगली पंधरा-वीस सेकंदं होती. त्यात 'मी काढलं' हे दोन शब्द आरामात बसतात. पण माझ्या डोक्यात फक्त रांग होती, बारा वर्षांची, आणि फेडरल हा शब्द. मी झेंडूच्या फुलांकडे बघत उभी राहिले. डेलने कागदावर त्यांचं नाव लिहिलं, कारण लिहिलं आणि त्यांची सही घेतली.

बाद झालेले लोक सहसा घरी जातात. सुलभाताई गेल्या नाहीत. "पट्ट्या लावायला माणसं कमी असतात," म्हणाल्या आणि दुखऱ्या अंगठ्याने दुपारी दोनपर्यंत दुसऱ्यांची भोकं बुजवत राहिल्या. ज्या पोटवाल्यांची मी तीन महिने टवाळी केली, त्यातला एक जण त्यांच्यासाठी घडीची खुर्ची घेऊन आला, दुसऱ्याने पाणी दिलं. कुणी काही विचारलं नाही. मी गाडीत एसी लावून बसले. शंतनूंचे तीन मेसेज आले. फोटो? फोटो? मग नुसते हात जोडलेले. रेंजवर नेटवर्क धड नव्हतं म्हणून फोटो गेला नव्हता. नाहीतर मी पाठवूनही मोकळी झाले असते.

दोन वाजता त्या येऊन शेजारी बसल्या. बोटांना चिकटपट्टीचा गोंद लागला होता, तो खरवडत राहिल्या. मी गाडी सुरू केली नाही. माफी कुठून सुरू करावी ते कळत नव्हतं.

"फोटो काढलास?"

"हो."

"दाखव."

मी दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, कंपनीत एखादी चूक तपासावी तसा तो पाहिला. पिस्तूल, कुंकू, आणि कुंकू लावणारा माझा हात. अंगठी, बांगड्या, सगळं स्पष्ट. खाली तारीख आणि वेळ. त्या वेळी सुलभाताई ऑफिसात सही करत होत्या आणि त्या वहीतही वेळ लिहिलेली होती.

"तुझा हात दिसतोय," त्या म्हणाल्या. "डिलीट कर."

"ताई, हा डेलला दाखवला तर तुमची मॅच..." मी म्हणाले. म्हणाले म्हणजे सुरुवात केली. वाक्य पुरं केलं नाही. पुरं केलं असतं, तर कोण जाणे, त्या हो म्हणाल्या असत्या.

त्या काचेबाहेर बघत होत्या. "नोव्हेंबरात येऊ या एकदा," म्हणाल्या. "नाव नाही लागायचं. पण येऊ या."

मी फोटो डिलीट केला. डिलीट केलेले फोटो महिनाभर फोनमध्ये दुसरीकडे पडून असतात. हवे तर परत आणता येतात. मी तिथे गेले आणि तिथूनही पुसून टाकला. ते त्यांनी सांगितलं नव्हतं.